नोंद घेतली

सोहारला, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर,
सातव्या मजल्यावर माझ्या नावाची पाटी लागली.
शीबा कुरियनने विचारलं होतं, "ब्रिगेडियर लिहायचं ना, सर?"
नको म्हटलं.
मग घरी येऊन अर्धा तास
स्वच्छच असलेले बूट पुसत बसलो.

काम काय, असं धाकट्याने फोनवर विचारलं.
सुमेधाने परस्परच सांगितलं:
"सासुरवाडीतल्या जावयाचं.
ताटाभोवती रांगोळी असते,
पण आमटीत मीठ कमी पडलं
तर उठून डब्याला हात लावायचा नाही."

वर्षाला सहा बैठका. प्रत्येकीआधी तीनशे पानं.
ती वाचायची, आणि विचारायचं.
चौतीस वर्षं माझं वाक्य संपलं
की समोर टाचा जुळायच्या.
आता वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावायला शिकतोय,
कवळी बसवून ऊस सोलावा तसा.

पहिल्याच बैठकीत बोलून गेलो,
"उद्या सकाळी सहापर्यंत झालं पाहिजे हे."
कुणीतरी खजुराची बी बशीत ठेवली
तिचा आवाज ऐकू आला.
अध्यक्ष खलफान मामरी हसले, काहवा पुढे केला,
"ब्रिगेडियर, इथे सकाळी सहाला
फक्त कोळी जागे असतात."

मी सॅपर. सुरुंग काढणारा.
सळई तिरपी धरायची, बोटभर खुपसायची,
थांबायचं.
पुन्हा बोटभर.

मार्चच्या बैठकीत, पान दोनशे अकरा:
टाकी क्रमांक एकोणीस. सफाई करताना किरकोळ घटना.
कामकाजावर परिणाम नाही.

किरकोळ म्हणजे?
"कंत्राटदाराचा माणूस होता, सर."
किती वेळ आत होता?
"तपशील मागवतो."
आतली हवा तपासली होती?
"नियमाप्रमाणे."
तो उतरायच्या आधी, की नंतर?

त्यानंतरची शांतता माझ्या ओळखीची.
सळईच्या टोकाला
दगड नसलेलं काहीतरी लागतं, तेव्हाची.

नाव शीबाने सांगितलं, इतिवृत्ताची वही न मिटता.
पोशेट्टी. जगत्यालकडचा.
जिवंत आहे. बोलत नाही अजून.

सगळं आवार बंद करावं,
फाटकाच्या किल्ल्या खिशात घालून
स्वतः उन्हात उभं राहावं, असं हाताला वाटत होतं.
हात टेबलाखाली गुडघ्यावर दाबून ठेवला.
"अध्यक्षमहोदय, बाकीच्या टाक्या उघडण्याआधी
आपण थांबू शकतो का?"

खलफान बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.
नांगरलेली जहाजं, पाच की सहा, धुरकट.
"थांबू," म्हणाले.

इतिवृत्त आलं: मंडळाने नोंद घेतली.
कशाची? असं पेन्सिलीने लिहून परत पाठवलं.
पुन्हा आलं: एका कामगाराची.
पुन्हा पाठवलं.
तिसऱ्या खेपेला नाव होतं,
स्पेलिंग चुकलेलं, पण होतं.

हे सगळं मी शहाणा म्हणून केलं नाही.
राजस्थानच्या सरहद्दीवर, जानेवारीत,
नकाशा जुना होता, वाळू सरकली होती,
आणि सॅपर तातोबा खराडे विचारत होता,
"साहेब, उजाडेपर्यंत थांबायचं का?"
सकाळी सहापर्यंत झालं पाहिजे, मी म्हणालो होतो.
टाचा जुळल्या होत्या.
त्याच्या आईला पत्र मी स्वतःच्या हाताने लिहिलं.
अक्षर चांगलं आलं होतं, हे अजून आठवतं.

गुरुवारी इस्पितळात गेलो.
संचालकाने जायचं असतं की नाही, विचारलं नाही.
पोशेट्टीने मला बघून उठायची धडपड केली,
नळ्या हलल्या, नर्स रागावली.
मी स्टूल ओढून बसलो.
तीनशे पानं वाचणारा माणूस मी,
एकही प्रश्न सुचला नाही.

बाहेर गाडी उन्हात तापून निघालेली.
स्टिअरिंगला हात लावता येईना.
दार उघडं टाकून
उभा राहिलो.