शून्य

आलेखाच्या स्क्रिप्टमध्येच एक ओळ.
ती थेट डेटाबेसात उतरते,
तापाच्या नोंदी उपसते,
पाइपातून गाळणीवर सोडते:
शून्य दिसलं की फेक.
रिकामी नोंद, म्हटलं, काय कामाची.

पडद्यावर हेटीटोला
वर्षभर फणफणलेला.

सोमी उसेंडी, आशाताई,
गोळ्यांची पाकिटं न्यायला आलेली,
खांद्यावरून बघत म्हणाली,
"हे आमचं गाव नोहे जी.
श्रावणात नाल्यातून गेली मी, कमरेइतकं पाणी.
घरोघरी कपाळाले हात लावून पाह्यला.
कोनालेच ताप नव्हता.
म्हून लिवलं शून्य."

गाळणी खोडली. एंटर.

रेघ खाली आली,
जमिनीला टेकली,
आणि सात आठवडे तिथंच पडून राहिली,
हात लावून पाहावा
इतकी गार.