बुटका ऊस

मोजणीला आलो होतो. बोरपाणंद, गट नंबर एकशे अकरा.
लांबी या शिवेपासून त्या शिवेपर्यंत,
रुंदी मात्र अंगणाएवढी.
असलं शेत असतं होय, म्हटलं,
तर आक्काताई नलवडे किटली खाली ठेवत म्हणाल्या,
"शेत न्हवं ते. रेल्वे हाय."

स्टेशन म्हणजे एक खोली.
तिकिटाच्या खिडकीतून आता दूध संस्थेची पावती येते,
फॅट सहा पूर्णांक दोन.
खिडकीत एक हात मावतो, दोन नाही.
रुळांमध्ये अंतर अडीच फूट होतं म्हणे.
म्हैस आडवी बसली की गाडीही बसायची.

गूळ न्यायला आली होती ती.
आधी गूळ, मग गुळाचे अडते, मग माणसं.
भाडं रव्याला जास्त, माणसाला कमी,
कारण रवा वाटेत उतरून चालू लागत नाही.

मास्तर बाबालाल मुजावर.
त्यांची नोंदवही संस्थेच्या कपाटात होती,
पेंडीच्या बिलांखाली.
"गूळ, चौसष्ट रवे. एक फुटका. मुंगळे."
"पूर. पुलावर पाणी. गाडी पल्याड उभी, शिट्टी ऐकू येते."
"उतरली बाई एक. सोबत ट्रंक.
परतीचं तिकीट घेतलं नाही."

मग शेवटची सतरा पानं.
तारीख, आणि समोर: गाडी आली नाही.
गाडी आली नाही.
कंदील पुसला. गाडी आली नाही.

लाईन बंद केल्याचा हुकूम कोल्हापुरातून वेळेवर निघाला होता.
पण टपाल गाडीनं यायचं.

अठराव्या दिवशी कुणीतरी सायकलवरून कागद आणला.
मास्तरांनी तो खळीनं वहीत डकवला, खाली लिहिलं,
"मिळाला. उशीर सतरा दिवस."
सबंध वहीत कुठंही तक्रार नाही.

रूळ उचलले गेले.
दोन गुऱ्हाळाच्या छपराखाली तुळया होऊन काळे पडलेत.
हातभर तुकडा शाळेत टांगलाय.
दहाला त्यावर टोला पडतो
आणि उशीर झालेली पोरं पळत सुटतात.

जमिनीवर केस आहे, हणबर आणि चौगल्यांची,
बत्तीस वर्षं.
गाडी आमच्या बाजूनं जायची, दोघंही म्हणतात.
सात-बारावर अजून कंपनीचंच नाव,
आणि कंपनीला समन्स बजावायला पत्ता नाही.

टेकाडावर मशीन मांडलं.
हद्दीचा दगड एकही जागेवर नव्हता.
आक्काताईंनी बोट केलं,
"दगुड कशाला हुडकतासा? उसाकडं बगा."

दीड पुरुष ऊस, काळाभोर हिरवा,
आणि त्यातून एक पट्टा, कमरेएवढा, पिवळट,
ओढ्याशी अलगद वळून
पुलाच्या मोडक्या खांबाकडं गेलेला.
"खाली खडी हाय न्हवं. दोघंबी दरसाली खत वततात."

पट्टा नकाशावर उतरवला.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसलो.
मग लिहिलं:
पीक ऊस. बुटका.
वळण बरोबर आहे.