जर्मन

आमच्या घरी जर्मन म्हणजे
पोचे आलेलं पातेलं.
तांब्या-पितळेची मोडीत गेली आणि हे आलं,
आई सांगायची, चिंच घालू नका त्यात, काळं पडतं.
आणि निपाणीत, रसूल मुल्लाच्या गॅरेजात
जर्मन म्हणजे
हात लावायच्या आधी हात पुसायचे.

एका शब्दाला दोन घरं.
आमच्या भागात याचं नवल नाही,
इथं गावांनाही दोन नावं असतात
आणि त्यातल्या एकावर रात्री कुणीतरी डांबर फासून जातं.

ती मर्सिडीज तंबाखूवाल्या गुगळेंची.
शहाऐंशी साली मुंबईतल्या कुठल्याशा लिलावात घेतलेली.
मूळ रंग मलईचा,
वखारीच्या दारात उभी राहून राहून जर्द्याचा झालेला.
आत बसलं की शिंक यायची.
गुगळे येईल त्याला ऐकवायचे,
"पाच लाख किलोमीटर. इंजिन अजून उघडलेलं नाही."
रसूलमामा माझ्याकडं बघून डोळा मारायचा.
तीनदा उघडलं होतं त्यानंच,
रात्री, शटर ओढून.
एवढं मोठं नाव टिकवायचं
तर कुणीतरी शटर ओढून बसावंच लागतं.

मग एकदा किल्ली काढली तरी गाडी बंद होईना.
गुगळे उतरले, दार लावलं, किल्ली खिशात,
आणि इंजिन आपलं चालूच,
मालक नसल्यासारखं.
बॉनेट उघडून लिव्हर दाबली की तेवढ्यापुरतं गप्प.
"व्हॅक्यूम गळालाय," मामा म्हणाला,
"आतला पडदा फाटलाय बघ.
पुण्यासनं यायला पंधरा दिवस."
गाडीचं पुस्तक होतं, पण जर्मनमधलं.
मराठी नाही, कन्नडही नाही,
म्हणून त्याच्यावरनं भांडणही नाही.
चित्रावर बोट ठेवून त्यानं फाटका पडदा माझ्या हातात दिला
आणि चिक्कोडीला बस बदलून मी अथणीला गेलो,
यल्लव्वा होनकांबळेकडं.

ती पायताणाच्या वेण्या वळत होती.
पडदा नखानं चाचपला, वास घेतला.
"कितवा नंबर रे ह्या पायाचा?"
स्वतःच हसली.
शेळीचं पातळ कातडं, एरंडेल चोळलेलं,
त्यावर जर्मनची वाटी पालथी घातली
आणि कडेकडेनं रापी फिरवली.
"बारा रुपये.
आणि बंद झाली काय नाही, कळीव की मला."

पुढं मी उद्यमबागेत फाउंड्रीला लागलो.
रात्रपाळीत भट्टी तापेपर्यंत वाचायला वेळ असतो.
वाचलं, की पहिली मोटार ज्यानं केली
त्याची बायको एके दिवशी पहाटे
नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन निघाली.
तेलाची नळी तुंबली, टोपीची पिन घातली.
ब्रेकचं लाकूड झिजलं, तेव्हा वाटेतल्या गावात
चांभाराकडनं कातडं ठोकून घेतलं.
बाई इतिहासात गेली.
चांभाराचं नाव मला कुठं सापडलं नाही.

गाडीला जे नाव आहे ते एका पोरीचं, हेही वाचलं.
आणि लढाईच्या वर्षांत त्याच कारखान्यांत
हजारो माणसं धरून आणून राबवली,
बायासुद्धा.
किल्ली कुणाच्या खिशात,
इंजिन कुणाच्या जिवावर चालू,
हे कंपनीनं नीट उघडून बघितलं
चाळीसेक वर्षांनी.
त्या पानावर मी थांबलो. भोंगा झाला.

गुगळेंनी गाडी कधीच विकली.
मामा गेला, गॅरेजात आता सेलफोन दुरुस्त करतात.
आम्ही ओतलेला माल पेट्यांत भरून जातो,
पेटीवरची अक्षरं वाचता येत नाहीत,
हात पुसून खिळे ठोकतो.

बंद झाली होती, यल्लव्वा.
तिसऱ्या दिवशी, किल्ली फिरवल्या फिरवल्या.
वखारीत इतकं शांत झालं
की बिड्या वळणाऱ्या बायांनी मान वर केली.
बारा रुपये तेव्हाच दिले होते.
तेवढं कळवायचं राहिलं.