एकतिसावी पायरी

माझ्याकडे एका मुलाला बारा मिनिटं असतात.
हिवाळ्यात त्यातली दोन कोटाची चेन उघडण्यात जातात,
एक, आई पिशवीत चिठ्ठी शोधते त्यात.
उरलेल्या नवांत मी छाती ऐकते.
छाती सगळं सांगते, असं तीस वर्षं मानत आले:
शिट्टी कुठे वाजते, कफ कुठे बसलाय,
डावीकडे हवा किती पोचते.
छाती पत्ता मात्र सांगत नाही.

येरिएल माल्दोनादो, वय सात.
एका हिवाळ्यात चार वेळा इमर्जन्सीत.
फाइलमध्ये माझ्याच अक्षरात आहे:
आई औषध नियमित देत नसावी.
'नसावी' हा शब्द आम्हा डॉक्टरांच्या फार सोयीचा.
आरोपही होतो, आणि कुणी केला ते कळत नाही.

गृहभेटींची योजना आली तेव्हा
दुपारच्या बैठकीत सँडविच खात
लिंडक्विस्ट म्हणाला, आकडे दाखवा.
अडेयेमी म्हणाली, अनुदान संपल्यावर काय?
मी म्हटलं, चांगलंच आहे, पण हे काही औषध नव्हे.
आणि सही केली,
हॉटेलच्या बिलावर करतात तशी.

मग इवेलिस फेलिसियानो गेली.
गुडघ्याला पट्टा, खांद्याला पिशवी,
होल्योकच्या दुसऱ्या कालव्याकाठी
विटांच्या त्या इमारतीत, जिथे कागदगिरणीचे कामगार राहायचे
(माझे आजोबाही, पोलंडहून आल्यावर, पण ते असो).
चौथा मजला. लिफ्ट बंद.

तिच्या अहवालांची मी शेवटची ओळ वाचायचे.
त्या दिवशी साडेतीनचा पेशंट आला नाही,
म्हणून सगळा वाचला.

*पंप रिकामा. आई हलवून बघते, आत खुळखुळतं,
म्हणून तिला भरलेला वाटतो.
पलंगामागच्या भिंतीला हात लावला, ओला झाला.
झुरळं आहेत. घरमालकाला तीन पत्रं गेली, उत्तर नाही.
आई दिवसातून तीनदा ब्लीचने फरशी पुसते.
माझेसुद्धा डोळे चुरचुरले, मुलगा तर तिथेच खेळतो.
इतक्यांदा का, विचारलं.
तिने फ्रिजवरचा कागद दाखवला.*

कागद आमच्या दवाखान्याचा.
स्पॅनिशमध्ये छापलेला, खाली माझी सही.
घर अतिशय स्वच्छ ठेवा.

दिवसातून तीनदा.
आणि मी तिच्या नियमितपणावर शंका घेतली होती.

पुढच्या गुरुवारी इवेलिसबरोबर गेले.
माफी मागायची, असं जिन्यात ठरवत होते,
तिसऱ्या मजल्यावर मलाच धाप लागली.
दारात नेरेइदाने आधी खुर्ची दिली, मग कॉफी,
आणि माफीचं वाक्य कपातच राहिलं.
कागद फ्रिजवरून मीच काढला. चुंबक हातात राहिला,
पिवळा बेडूक. कुठे ठेवावा कळेना.

येरिएल म्हणाला, बावन्न पायऱ्या आहेत.
मी एकतिसाव्या पायरीवर थांबतो.
बरा असलो की अडतिसाव्या.
तुम्ही कुठे थांबलात?

इतक्या वर्षांत मी त्याला नळीत फुंकायला लावलं,
बोटाला चिमटा लावला, फिल्म काढली.
कुठे थांबतोस, हे विचारलं नव्हतं.

आता बैठकीत मी आकडे दाखवते.
एकतीस. अडतीस.
लिंडक्विस्ट म्हणतो, एका मुलाने काय सिद्ध होतं?
बरोबर आहे त्याचं.
पैसे जूनपर्यंतच आहेत, अडेयेमीचंही बरोबर आहे.
मी पत्रं लिहिते आहे. घरमालकाला, विमा कंपनीला,
ज्यांना छाती ऐकावी लागत नाही त्या सगळ्यांना.

भिंत अजून ओलीच आहे.
मेच्या अहवालात, झुरळांच्या खाली
आणि नव्या पंपाच्या वर,
इवेलिसने कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय:
त्रेचाळीस.
मग खोडून, कारण तो मध्ये बसला होता म्हणे:
एक्केचाळीस.