टॅपेट

सकाळी गाडी थंड असली की टिकटिक,
रावपुऱ्यापर्यंत जरा दबते, जात नाही.
शोरूमवाल्याने न ऐकताच आकडा लिहून दिला :
अडतीस हजार.

पाणीगेटला इलियासभाईंनी बॉनेट उघडलं,
लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला,
लाकडी मूठ कानाला.
पोराला म्हणाले, रेडिओ बंद कर.
डोळे मिटले.

मग मूठ माझ्या कानाशी.
मला सगळंच सारखं वाजलं;
मान मात्र डोलावली.

‘टॅपेट छे. थोडो अवाज सारो.
टाइट करीश तो चूप थई जशे,
पछी वाल्व बळी जशे.’
जळेल म्हणा, बळी जाईल म्हणा,
दोन्ही भाषांत वाल्व गेलाच.

पैसे घेतले नाहीत.

मांडवीच्या गर्दीत
काच खाली करून ऐकत बसलो,
वाजतेय ना.