जुफा, मल्काबाईंचा

मी सुपारीची रोपं पिशव्यांत भरत होतो
तेव्हा मल्काबाई नागावकरांनी पाकीट पुढे केलं.
अश्दोदहून आलंय, म्हणाल्या, लेकीकडून.
वर निळसर तुऱ्याचं चित्र, मागे उजवीकडून वाचायची लिपी,
आत काळं बी, तिळाच्याही पोटात मावेल एवढं.
नाव विचारलं. एझोव, म्हणाल्या.
बाजारातल्या हकिमांच्या मुलाने चिमूट हुंगून सांगितलं,
जुफा. अब्बा खोकल्याला द्यायचे, मधातून.
मी पट्टीवर बॉलपेनने लिहिलं: जुफा, मल्काबाईंचा.

ही रेवदंड्याच्या कोटातली माती,
मूठ उघडली तरी तळव्याला धरून राहते.
हिला नारळ कळतो, विड्याचं पान कळतं,
कोरडं राहायला आवडणारं झाड हिच्या गावीही नाही.
म्हणून कालवांचे शिंपले कुटले,
पडक्या भिंतीची वीटकर चाळून घातली,
आणि तुळशीचं लग्न लागल्यावर बी टाकलं.

अकरा उगवली.
सहा गोगलगायींनी नेली, दोन बुडाशी कुजली,
एक शेजारच्या कोंबडीने उकरलं.
दोन राहिली.
त्या दोघांना मी पाणी घालायचो ते
औषध मोजावं तसं, झाकणाने.

शिमग्याच्या आधी तुरा आला.
निळा म्हणवत नाही.
शाईचा हात धुतल्यावर नखाशी राहतो तो रंग.
शेवग्यावरच्या माश्या वाट मोडून इकडे आल्या.
मी पान चावलं.
आधी पुदिना, मग कापूर, मग कडू,
आणि ते कडू काही उठायचं नाव घेईना,
जेवण झालं तरी पाहुणा ओटीवर बसून राहावा तसं.

यमूने चार दिवस सगळ्यात घालून बघितलं.
वालाच्या बिरड्यात: कुणी काही बोललं नाही, पातेलं तसंच उरलं.
चहात: मुलाने अर्धा कप तुळशीमागे ओतला.
वाळवून, चुरून, तळलेल्या मांदेलीवर, लिंबासोबत:
पुन्हा कर, मी म्हणालो.
कोकमच्या सरबतात दोनच पानं.
तिसरं घातलं की दवाखाना.

मल्काबाईंकडे मलिदा होता, नातवाचं जमलं म्हणून.
मी कुंडी उचलून घेऊन गेलो.
ताटात भिजवलेले पोहे, खोबरं, वेलची, गुलाबाच्या पाकळ्या,
कडेने केळी, खजूर,
आणि मधोमध सब्जा. परसातला. नेहमीचा.
मी कुंडी धरून उभा.
बाईंनी पान खुडलं, बोटांत चुरडलं, डोळे मिटले.
लहानपणापासून प्रार्थनेत नाव घेते, म्हणाल्या,
वास आज आला.
मग हसल्या.
लेक म्हणते, तिकडचे विद्वान सांगतात,
ग्रंथातलं झाड ते हे नव्हेच,
दुसरंच कुठलंसं, ओव्यासारखं.

मग ताटात ठेवायचं का हे? मी विचारलं.
त्यांनी सब्जाची डहाळी नीट केली, होती तिथेच.
राहू दे. एलियाहू हन्नाबीला आमचा सब्जा ओळखीचा आहे.
उगाच घर चुकायचे.

जुफा मात्र काळ्या मनुकांच्या सरबतात गेला, एक काडी.
नव्या सूनबाईंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं,
मग पेला पुन्हा पुढे केला.

श्रावणात एक झाड मुळापासून काळं पडलं.
दुसरं पागोळ्यांपासून लांब, पत्र्याखाली ठेवलंय.
पट्टीवरची अक्षरं वाहून गेली, ‘बाईंचा’ तेवढं उरलंय.
गिऱ्हाईक विचारतं, काय हो हे?
मी सांगतो: खोकल्याला बरं, माशावर छान,
वालात अजिबात नको.
नावाचं मल्काबाईंना विचारा.

त्या सध्या अश्दोदला आहेत, मे महिन्यात येतील.
जाताना सब्जाचं बी नेलंय, रुमालाच्या गाठीत, चिमूटभर.
तिथल्या मातीत उगवलं का, ते अजून कळलेलं नाही.