उणे सहा

सीडर रॅपिड्सच्या विमा कंपनीत रात्रपाळीला
आम्ही दोघंच. मी, आणि आर्लीन झाहराडनिक,
स्वेटरच्या कोपरांना चामड्याची ठिगळं लावलेली.
मशीनरूममधली थंडी यंत्रांसाठी असते,
माणसांनी आपापलं बघायचं.

पहिल्याच आठवड्यात तिनं सांगितलं:
इथे फाइलला नावानं नाही, नात्यानं हाक मारायची.
शून्य म्हणजे आजची. उणे एक, तिच्या आधीची.
अधिक एक अजून जन्मायची आहे,
आणि जॉब संपेपर्यंत ती अधिक एकच राहते,
कितीही लिहून झालं असलं तरी.

खरं नाव आत असतंच, लांबलचक:
जी शून्य एक चार सात, व्ही शून्य शून्य.
ते पत्रिकेतल्या नावासारखं,
अडचण आल्याशिवाय कुणी उघडून बघत नाही.

मर्यादा सात.
आठवी आली की सगळ्यांत थोरली कॅटलॉगमधून उतरते,
डिस्कवरची जागा मोकळी,
ना दहावं ना तेरावं.

आणि चूक झाली तर?
तर पिढी तीच ठेव, आवृत्ती बदल. व्ही शून्य एक.
दुरुस्तीपायी कुणाच्या पणजीला घराबाहेर काढू नये.

मी काढली होती एकदा.
जॉब चौथ्या पायरीवर पडला,
मी घाईनं पुन्हा लावला, अधिक एक तसंच ठेवून,
एका महिन्याला जुळं झालं
आणि तिकडे टोकाची एक बिचारी पडली.
आर्लीननं ती टेपवरून परत आणली, पहाटे साडेचारला,
मला एक शब्दही न बोलता.
बोलली असती तर बरं झालं असतं.

आज डिसेंबरअखेर.
बाहेर बर्फ, आणि आर्लीन उणे सहा उघडून बसलीय.
मे महिना.
ओसेज लेन, एक्केचाळीस घरं.
वोंद्राचेक, गॅरेजसकट. कुबेश, छत नवं.
दोनशे चौदा, झाहराडनिक:
लाकडी, दोन मजली, तळघर आहे.

आहे.

जूनच्या पुरानंतर उणे पाचमध्ये
त्याच ओळींपुढे एकेक अक्षर आहे, रद्दचं.
उणे चारमध्ये ओळीच नाहीत.

मी म्हटलं, मर्यादा आठ कर ना.
एका ओळीचा तर हुकूम,
वर कुणाला कळणारही नाही.

ती चष्मा पुसत राहिली.
"आणि जानेवारीत नऊ?"

मग तिनं जॉब सोडला.
अकरा मिनिटं पंख्यांचा आवाज.
सगळ्या एकेक पाऊल मागे सरकल्या,
नवी शून्यावर येऊन बसली,
मे कुठेच नाही.

परतीचा कोड शून्य.
आमच्यात शून्य आलं की बरं म्हणतात.

तिनं वही ओढली, वेळ लिहिली, सही केली.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन जरा थांबलं,
मग तिथे तिनं आडवी रेघ मारली
आणि मला विचारलं, तुझ्या गाडीवरचा बर्फ
तू खरवडून आलास की नाही?